शनीवरचा बंबवाला

त्सुरुनोयु सार्वजनिक न्हाणीघर, यावाताहामा
२१ मे, बुधवार

तीर्थरूप मामांना हात्सुएचा कमरेत वाकून नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहाव्यात असं तुम्हीच आम्हाला शाळेत घोकून घेतलंत, म्हणून लिहिते. डोंगरावरच्या संत्र्याच्या बागा फुलल्या आहेत, सगळं गाव अत्तराच्या बाटलीत बुडवून काढल्यासारखं झालं आहे आणि निम्मं गाव शिंकत आहे. ऋतू संपला. आता प्रकृती. तुमचा रक्तदाब कसा आहे? कानात वाजायचं ते थांबलं का? डॉक्टरांनी खारवलेला मुळा बंद करायला सांगितला होता तो केलात, की मामी गेल्यापासून विचारणारं कोणी नाही म्हणून बरणीच उशाशी घेतली आहे? खरं लिहा. (लिहिणार नाही हे ठाऊक आहे. भाचीने विचारायचं आणि मामाने थापा मारायच्या ही आपल्याकडची जुनी रीत. आई असती तर तुम्हाला कान धरून खरं बोलायला लावलं असतं, कारण धाकट्या भावाचे कान हे तिला स्वतःचेच वाटायचे.)

आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे, आणि आमचे हे तसे धडधाकट आहेत, पण गेले काही दिवस जेवणात लक्ष नाही. त्याचं कारण एक कादंबरी आहे. तुम्हाला कादंबऱ्यांचा किती तिटकारा आहे हे सगळ्या उवाजिमा गावाला माहीत आहे, तरी आज तुम्हाला एका कादंबरीची सगळी हकिगत ऐकावी लागेल. खुर्चीत नीट बसा. चष्मा पुसा.

कादंबरीचं नाव ‘शून्य किलो साक्षीदार’. लेखक शुन होशिनागी. ही पहिल्या ‘एक षष्ठांश खून’चा पुढचा भाग. त्या पहिल्या पुस्तकात तामानो नावाची एक सरकारी बाई वजनमापं तपासायला चंद्रावर जाते आणि तांदळाच्या पोत्यांच्या वजनावरून खुनी पकडते. दुसऱ्या भागात वरिष्ठांना तिचा इतका वीट येतो की ते तिची बदली शनीच्या कड्यांजवळच्या एका स्थानकावर करतात, जिथे कशालाच वजन नाही. म्हणजे वजनमापं तपासणारी बाई, आणि तपासायला वजनच नाही! बिचारी रोज सकाळी काटा काढते, पुसते आणि परत ठेवते. हे वाचून मी इतकी हसले की गल्ल्याच्या उंच बैठकीवरून खाली पडता पडता वाचले. सहसा पुस्तकाचा दुसरा भाग म्हणजे कालचा भात असतो, गरम केला तरी कालचाच. पण हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस निघाला. सात वर्षं वाट पाहायला लावली त्या लेखकाने, आळशी मेल्याने. (मेल्याने हा शब्द मागाहून खोडणार होते, पण राहू दे.)

तर त्या स्थानकावर एक न्हाणीघर आहे. माणूस शनीपर्यंत गेला तरी जपानी असेल तर संध्याकाळी त्याला गरम पाण्यात बसायला लागतंच, हे लेखकाने बरोबर ओळखलं आहे. त्या न्हाणीघराचा बंब पेटता ठेवणारा एक माणूस आहे, गोरोकु नावाचा. सुपासारखे कान, डोक्याला उलटा गुंडाळलेला टॉवेल, गळ्यात सूर नसताना दिवसभर गुणगुणणारा. वादात हरायची वेळ आली की “बंब बघून येतो” म्हणून पसार होतो. तिसऱ्या प्रकरणात हा गोरोकु बंबाच्या खोलीत मरून पडलेला सापडतो. दार आतून बंद. मेलाय बुडून, आणि खोली कोरडी ठणठणीत! तिथे वजन नसल्यामुळे पाणी सांडत नाही, त्याचा गोळा होतो आणि तरंगत फिरतो. तो गोळा त्याच्या तोंडाला येऊन चिकटला, हे तामानोबाईंना पुढे कळतं. पण गोळा आणला कोणी, आणि आतून बंद असलेल्या खोलीतून तो गेला कुठून? खुनी कोण हे मी इथे लिहीत नाही, कारण आमचा पोस्टमन नागासे अजून पान दोनशेवर आहे आणि पाकिटं उजेडात धरून बघायची त्याला खोड आहे.

आता हे पुस्तक आमच्या ह्यांच्या हातात कसं आलं ते सांगते. आठ वर्षांपूर्वी माझे बाबा गेल्यानंतर एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला, भटजींसमोर आणि सगळ्या नातलगांसमोर, तुम्ही ह्यांना काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल. “या माणसाने न्हाणीघराच्या पाटीखेरीज जन्मात काही वाचलेलं नाही.” त्यावर हे म्हणाले, “पुस्तकं जाळून पाणी तापतं, वाचून तापत नाही.” मग तुम्ही उठलात, हे बंब बघायला गेले, आणि त्या दिवसापासून तुम्ही दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. उवाजिमा इथून गाडीने फार तर तासाभरावर. आठ वर्षांत मी एकटी आले, एकटी गेले. नववर्षाच्या कार्डावर तुम्ही फक्त माझं नाव घालता. मामी गेली तेव्हा ह्यांनी संत्र्यांची पेटी पाठवली होती. तुम्ही ती शेजाऱ्यांत वाटलीत.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक नाही. त्या विधीनंतर हे आठवडाभर नुसते बंबात लाकडं घालत होते. मग कोणी गिऱ्हाईक कपड्यांच्या खणात ‘एक षष्ठांश खून’ विसरून गेलं, ते ह्यांनी उचललं आणि गल्ल्यावर बसून वाचायला लागले. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, आयुष्यातलं पहिलं पुस्तक, निव्वळ तुमच्यावरच्या रागाने. बोट ओळीखाली धरून. दिवसाला चार पानं. अडलेला शब्द मला विचारायचा नाही म्हणून पोस्टमनला विचारायचे, आणि त्यालाही येत नसे. चार महिन्यांनी संपलं तेव्हा पुस्तक मिटून म्हणाले, “अगं, हा माणूस मला भेटला पाहिजे.” मी म्हटलं, “कोणता माणूस?” “ज्याने लिहिलं तो. याला तांदळाच्या पोत्यातलं कळतं.”

त्यामुळे मागच्या नोव्हेंबरात दुसरा भाग आला तेव्हा आमच्याकडे लग्नघर झालं. प्रत एक आणि वाचणारे चाळीस. शेवटी असं ठरलं की रोज चार वाजता मी गल्ल्यावर बसून एक प्रकरण मोठ्याने वाचायचं. आमचा गल्ला उंचावर, पुरुषांची आणि बायकांची बाजू यांच्या मधोमध, आणि मधली भिंत छतापर्यंत पोचत नाही, त्यामुळे दोन्हीकडे ऐकू जातं. काय सांगू मामा! लोक पाण्यातून उठेनात. प्रकरण संपेपर्यंत सगळे उकडलेल्या अष्टपादासारखे लालबुंद. दोघांना चक्कर आली, त्यातला एक शुद्धीवर आल्या आल्या विचारतो, “मग दार उघडलं का?” भिंतीच्या दोन्ही बाजूंनी वाद चालायचे. नवरा इकडून ओरडायचा की खुनी डॉक्टरच आहे, बायको तिकडून ओरडायची, “तुम्हाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, खुनी कसला सापडतोय!”

यात खरा घोटाळा केला तो ओफुमी आजींनी. वय शहाऐंशी, दात तीन, आणि पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची सवय. (“या वयात मध्येच गेले तर? मला खुनी कळायला नको?” हे त्यांचं म्हणणं.) त्यांनी एकदा गल्ल्यावरची प्रत उचलून शेवट वाचून टाकला. आम्ही पाटी लावली, ‘खुनी सांगणाऱ्यास महिनाभर आंघोळ बंद’. आजींनी सांगितलं नाही. त्या फक्त, वाचनात खुन्याचं नाव आलं की खोकायच्या. दोन दिवसांत सगळ्यांच्या लक्षात आलं आणि लोक पुस्तकाकडे कमी आणि आजींच्या घशाकडे जास्त लक्ष द्यायला लागले. हे आजींना कळल्यावर त्या प्रत्येक नावाला खोकायला लागल्या. तामानोबाईंच्या नावालासुद्धा. चौदाव्या प्रकरणापर्यंत स्थानकावरच्या एकूण एक माणसाने खून केलेला होता, आणि आजींचा घसा खरोखरच बसला.

आमच्या ह्यांचा जीव मात्र गोरोकुवर जडला. “काय माणूस होता!” म्हणायचे. “साधा, कष्टाळू. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला कशाला मारलं?” तिसरं प्रकरण मी वाचलं त्या दिवशी हे बंबामागे जाऊन डोळे पुसून आले आणि धूर लागला म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघते तर बंबापाशी कॉफी घातलेल्या दुधाची एक बाटली ठेवलेली. गोरोकुसाठी! अंघोळीनंतर तो ती प्यायचा म्हणे. मी म्हटलं, “अहो, तो पुस्तकातला माणूस आहे.” तर म्हणतात, “म्हणून काय तहान लागत नाही?”

आणि मग आलं सतरावं प्रकरण, ज्यात तामानोबाई उलगडा करतात की खुनी टाकीच्या गोल तोंडातून निसटला. टाकीचं तोंड चाळीस सेंटिमीटर. ‘एका श्वासात तो आरपार गेला’, असं लिहिलं आहे. हे वाक्य मी वाचलं मात्र, बंबाच्या खोलीतून हे फावड्यासकट बाहेर आले.

“परत वाच.”

वाचलं.

“शक्य नाही! चाळीस सेंटिमीटर? वाढलेला माणूस? एका श्वासात? तीस वर्षं मी टाकी धुतोय, लांब दांड्याच्या ब्रशने बाहेरून धुतोय, का? आत जाता येत नाही म्हणून! हा माणूस तांदळाचं लिहितो तेव्हा बरोबर लिहितो, पाण्याचं लिहितो तेव्हा थापा मारतो.”

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं की शनीवर वजन नसतं. हे म्हणाले, “वजन नसेल, पण ढुंगण असतं ना?” यावर दोन्ही बाजूंनी ‘बरोबर, बरोबर’ झालं, कारण मुद्दा बिनतोड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता, न्हाणीघर उघडायला अर्धा तास असताना, हे मागच्या अंगणातल्या जुन्या टाकीपाशी गेले. टाकी आडवी, रिकामी, तोंड कमरेच्या उंचीवर, आणि मोजून चाळीस सेंटिमीटर. श्वास मोजायला ओफुमी आजींना उभं केलं होतं. मला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते आजी धावत आल्या तेव्हा, आणि आजी धावत येतात म्हणजे भूकंप तरी असतो किंवा फुकट काही वाटत असतात. जाऊन पाहते तर टाकीच्या तोंडातून माझ्या नवऱ्याचा खालचा अर्धा भाग बाहेर लोंबतो आहे आणि वरचा अर्धा भाग आत आहे.

“अडकलात का हो?”

“अडकलो!” आतून देवळाच्या घंटेसारखा आवाज आला, आणि मामा, इतका आनंदी आवाज मी लग्नाच्या दिवशीही ऐकला नव्हता. “बघितलंस? मी म्हणत होतो! लिहून घे! कमरेच्या वर चार बोटं!”

“आधी बाहेर या.”

“येता येत नाहीये, हाच तर पुरावा आहे!”

तीन वाजता गिऱ्हाईकं आली, दार बंद पाहून अंगणात आली, आणि मग प्रत्येकाने आपापली अक्कल चालवली. ओफुमी आजी त्यांच्या मांडीवर काठीने टोचून म्हणाल्या, “अरे त्सुनेओ, तो खुनी तुझ्याएवढं जेवत नसेल.” टाकीतून आवाज आला, “आजी, पान बारा बघा! त्याचं पोट माझ्यापेक्षा मोठं आहे!” कोणीतरी पुस्तक आणलं. पान बारा काढलं. खरंच मोठं होतं. मग, पान बारा वाचून होईपर्यंत कान झाकून उभ्या असलेल्या नागासेने टपालाची पिशवी खाली ठेवून फीत लावून ह्यांचं पोट मोजलं आणि आकडा जमलेल्या मंडळींना वाचून दाखवला. (संध्याकाळपर्यंत तो आकडा बंदरापर्यंत पोचला होता.) शेवटी साबणाचं पाणी ओतून, दोन कोळ्यांनी एकेक पाय धरून ओढलं. आधी विजार बाहेर आली. मग बऱ्याच वेळाने हे आले. अंगावर काही नाही, चेहरा विजयी. बायकांनी तोंडं फिरवली, आजींनी नाही.

त्या दिवशी न्हाणीघर सव्वा तास उशिरा उघडलं आणि कोणी तक्रार केली नाही.

मग ह्यांनी लेखकाला पत्र लिहायला घेतलं. चार दिवस लिहीत होते. नऊ पानं, आणि शिवाय एक आकृती, ज्यात टाकी, टाकीचं तोंड आणि स्वतः हे, मागच्या बाजूने काढलेले, मापांसकट. मी म्हटलं आकृती नको. म्हणाले, “शास्त्रात लाज नसते.” तोक्योच्या प्रकाशकाच्या पत्त्यावर पत्र गेलं. मी मनात म्हटलं, हे आता केराच्या टोपलीत जाणार, आणि जाताना कोणीतरी आकृती भिंतीवर लावणार.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जाड पाकीट. हे हात धुऊन, टॉवेलला पुसून, मग परत धुऊन, बसले. आत काय होतं? ह्यांचंच पत्र. नऊच्या नऊ पानं, लाल शाईने तपासलेली! शुद्धलेखनाच्या एक्केचाळीस चुका गोल केलेल्या. दोन वाक्यं तोडून सरळ केलेली. एका ठिकाणी समासात, ‘हा शब्द वापरण्यापूर्वी कोश पाहावा’. आकृतीखाली, ‘प्रमाणबद्ध. परंतु अनावश्यक’. आणि शेवटच्या पानावर, ‘मुद्दा बरोबर. चूक माझी. अक्षर भयंकर. दहापैकी सहा.’

मामा, सबंध जपान देशात वाचकाचं पत्र तपासून गुण देणारा माणूस एकच असू शकतो. शिवाय तो सहा! पोट सुटलेला, शेपटी डावीकडे वळलेला, बेडकाच्या पिल्लासारखा सहा. माझ्या तिसरीतल्या सुट्टीच्या रोजनिशीवर तसाच सहा आहे, आणि तो खोडून तुम्ही मागाहून शेजारी चार लिहिला होतात. माझ्या हातातली बरणी पडली, फुटली, आणि मी लोणचं गोळा करायच्या निमित्ताने पाच मिनिटं जमिनीवर बसून राहिले. आमच्या रहस्यकथा जप्त करून तुम्ही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूप लावून ठेवत होतात. आम्ही समजायचो तुम्ही जाळता. वाचत होतात होय! आणि नुसतं वाचून भागलं नाही! शुन होशिनागी म्हणे! ओफुमी आजी त्या नावावर भाळल्या आहेत, त्यांच्या मते लेखक तिशीतला, सडपातळ आणि अविवाहित आहे. तुमच्या पायमोज्यांची भोकं मी पाहिली आहेत म्हणून मी गप्प बसले.

आणि तेव्हाच मला आणखी एक गोष्ट कळली. सुपासारखे कान. उलटा टॉवेल. बेसूर गुणगुणणं. “बंब बघून येतो.” मामा, तुम्ही माझ्या नवऱ्याचा खून केला आहे. पान सत्तेचाळीस. आतून बंद खोलीत, पाण्याचा गोळा तोंडाला लावून. माणसं भाचीच्या नवऱ्यावर रागावतात, बोलत नाहीत, लग्नाकार्याला बोलवत नाहीत. तुम्ही त्याला शनीपर्यंत नेऊन मारलंत! आणि तो खुळा तुमच्या त्या मढ्यापाशी दूध ठेवतो आहे.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. कसं सांगणार? ह्यांनी ते नववं पान काचेत बसवून गल्ल्यावर, न्हाणीघराच्या परवान्याशेजारी टांगलं. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात. “दहापैकी सहा. लेखकाने स्वतः दिलेत.” शाळेत कधी चाराच्या वर गेले नव्हते.

पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ह्यांनी उत्तर लिहिलं, तुम्ही उत्तर लिहिलंत. एप्रिलपर्यंत तुमची चार पत्रं झाली. प्रत्येक पत्र इथून तोक्योला, तोक्योहून उवाजिमाला, तिथून परत तोक्योला आणि मग इथे. तासाभरावरच्या दोन अडेलतट्टूंना बोलता यावं म्हणून टपालखात्याने अर्धा देश पालथा घातला. आधी बंबावर लिहीत होतात, दाब, नळ, झडपा. मग कंबरदुखीवर आलात. मग मुळा किती मिठात घालावा यावर. (म्हणजे सोडलेला नाही. कळलं.) प्रत्येक पत्र हे गल्ल्यावर बसून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतात. गुण वाढत होते, सहाचे साडेसहा, मग सात. सातच्या दिवशी आम्ही सगळ्यांना फुकट आंघोळ दिली.

चौथ्या पत्रात तुम्ही लिहिलंत की तिसऱ्या भागाचं काम अडलं आहे, कारण मनात दुसरंच काही आहे. “मी एकदा एका माणसाला चारचौघांत अडाणी म्हणालो. तो तसा नाही हे मला आता कळलं आहे. हे त्याला कसं सांगावं याची युक्ती सुचत नाही. बंद खोलीतला खून त्यापेक्षा सोपा.” हे ह्यांनी ओळीखाली बोट धरून दोनदा वाचलं. ओफुमी आजीसुद्धा खोकल्या नाहीत. त्याच दुपारी ह्यांनी उत्तर लिहिलं, या वेळी फक्त तीन ओळी. “सोपं आहे. त्या माणसाला आंघोळीला भेटा. नागडा माणूस फार वेळ रागावू शकत नाही, कारण हात झाकण्यात गुंतलेले असतात.” मला विचारलं, “नागडा कसा लिहायचा?” मी सांगितलं. पाकीट बंद केलं आणि स्वतः टपालात टाकून आले.

त्याला आज पाच आठवडे झाले. उत्तर नाही. रोज अकरा वाजता हे दारात उभे असतात, नागासे लांबूनच मान हलवतो, आणि हे बंब बघायला जातात. काल ताटातला मासा अर्धा टाकला. काल गुणगुणणंही नव्हतं, आणि मामा, तीस वर्षं मी ज्या बेसूर गाण्याला शिव्या दिल्या त्याच्याशिवाय घर इतकं रिकामं वाटेल हे मला ठाऊक नव्हतं. मला तर दुसरीच भीती वाटायला लागली, की तुम्ही आजारी पडलात आणि कळवणारं कोणी नाही. म्हणून हे पत्र, थेट तुमच्या घरच्या पत्त्यावर, तोक्योला न फिरवता. दोन ओळी लिहा. तब्येत बरी असेल तर तसं लिहा. लाजत असाल तर तसं लिहू नका, मी समजून घेईन.

बाकी सर्व क्षेम. संत्र्याच्या फुलांचा मध वेगळा पाठवते आहे, शेजाऱ्यांत वाटू नका.

तुमची आज्ञाधारक (तिसरीपर्यंत तरी),
हात्सुए

ता. क. प्रकृतीची चौकशी, ऋतू वगैरे सगळं खरं आहे, पण पत्र लिहायचं मुख्य कारण सांगायचं राहिलं. तिसऱ्या भागात गोरोकुला जिवंत करा. कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा. तुमच्या स्थानकावर माणसाची आठवण डब्यात भरून ठेवायची सोय आहे असं पान नव्वदवर तुम्हीच लिहिलं आहे, ती वापरा. तामानोबाईंना एका गुरुवारी तो बंबापाशी बसलेला दिसू दे, बस्स. आणि ते लिहिण्याआधी खरा बंब एकदा डोळ्यांनी बघून जा. गुरुवारी आमचं न्हाणीघर बंद असतं. पाणी मात्र तापवलेलं असतं.

ता. क. २. मघाशी पत्र गल्ल्यावर उघडं ठेवून मी टॉवेल वाळत घालायला गेले. परत आले तर खाली हे लिहिलेलं होतं, आणि लिहिणारा बंब बघायला गेलेला होता. जसंच्या तसं ठेवते:

“मामा, तुम्हीच आहात हे मला तिसऱ्या पत्रात कळलं. शेवटी लिहिलं होतंत, हात्सुएला सांभाळा. मी एकाही पत्रात बायकोचं नाव लिहिलेलं नाही. सगळी पत्रं पुन्हा आठवून पाहिली. ती ओळ मी मोठ्याने वाचली नाही. तामानोबाई असत्या तर त्यांनीही असंच पकडलं असतं. चौथ्याचं उत्तर मी तुम्हालाच लिहिलं. गोरोकु कोण तेही कळलं, कानांवरून. राग नाही. मेलो तेव्हा छान लिहिलं आहे. फक्त हात्सुएचं ऐकून मला जिवंत करू नका. त्यापेक्षा नव्या नावाने घ्या आणि तिसऱ्या भागात खुनी करा. मेलेला माणूस सत्तेचाळीसाव्या पानावर संपतो. खुनी शेवटच्या पानापर्यंत असतो. त्सुनेओ.”

(एकूण चार चुका आहेत. मी दुरुस्त केलेल्या नाहीत. तुमच्या आनंदात मी कशाला हात घालू?)